आमच्या सेतू केंद्रातला डेस्कटॉप सकाळी नीट चालतो, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी फारच मंद होतो. रॅम वाढवावी का?

रॅम सध्या वाढवू नका. आधी प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा हीट सिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) साफ करा, कारण सकाळी व्यवस्थित आणि दुपारी मंद हे लक्षण बहुतेक वेळा उष्णतेचे असते. प्रोसेसर त्याच्या कमाल तापमानापाशी, म्हणजे अनेक मॉडेलांत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत त्याला थंड हवा मिळत नाहीच, त्यात जिनिंगजवळच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांजवळच्या) गावांत कापसाचा तंतू हीट सिंकच्या पात्यांत नमद्यासारखा घट्ट बसतो. हे विदर्भातले असे अनेक संगणक उघडून पाहिल्यावरच सांगतो आहे.

खात्री करण्यासाठी दुपारी विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्समध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) पाहा: काम भरपूर सुरू असतानाही ‘स्पीड’चा आकडा ‘बेस स्पीड’पेक्षा (प्रोसेसरच्या ठरलेल्या मूळ वेगापेक्षा) बराच खाली असेल, तर कारण बहुधा हेच. मग वीज पूर्ण बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअर मारा. हीट सिंक काढलाच तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावा. कूलरचा ओला झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नका.

मात्र तिथेच ‘डिस्क’ सकाळीही सतत १०० टक्के दिसत असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा असण्याची शक्यता जास्त आहे, आणि तेव्हा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे हाच खरा उपाय.