खिशात कैऱ्या, दारात गुढी

शिमग्यापासून पाडव्यापर्यंत आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक लहान मुलांच्या आयांची आहेत. मीही त्यांच्यातलीच. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीनचा, घर वाईला, अंगणात एक शेवगा आणि शेजाऱ्यांचा आंबा आमच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर वाकलेला. उत्तरांना उशीर झाला, कारण मध्ये धाकट्याला कांजिण्या आल्या होत्या.

प्रश्न : ताई, मुलगा चार वर्षांचा, मुलगी पावणेदोनची. नोकरी सोडून दोन वर्षं झाली. जो तो म्हणतो, 'हे दिवस परत येणार नाहीत, मजा घे.' मला संध्याकाळ झाली की फक्त 'केव्हा झोपतील' असं होतं. हल्ली तर मुलगी हसली तरी आतून काही हलत नाही. तुम्हाला खरंच आनंद होतो का? आणि कशात?
— एक आई, डोंबिवली

होतो. दिवसभर नाही होत. 'मजा घे' म्हणणाऱ्यांना मी हल्ली सांगते, दोन तास यांना सांभाळा, तेवढ्यात मी मजा घेऊन येते. अजून कोणी थांबलेलं नाही.

कशात होतो, ते परवाच्या मंगळवारवरून सांगते. शाळा सकाळची झाली आहे. साडेअकराला थोरली येते, गणवेश काढून फेकते आणि तो भिजवायच्या आधी मी खिसे तपासते. (एकदा तपासला नव्हता. खिशात काटेसावरीचं उकललेलं बोंड होतं. पाण्यात त्याचा कापूस सुटला आणि नवऱ्याच्या काळ्या पँटवरून तो मी आठवडाभर वेचत होते.) परवा खिशातून निघाल्या सुपारीएवढ्या चार कैऱ्या, खडूचा तुकडा, गुलमोहराच्या वाळक्या शेंगेतल्या बिया आणि 'आजीला' म्हणून आणलेली कडुलिंबाची चेंगरलेली डहाळी. कैरीच्या देठाचा चीक पांढऱ्या शर्टाच्या खिशाला लागलेला. हा चीक काय चीज आहे ते धुणाऱ्यालाच विचारा. आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि शर्ट फाटेपर्यंत साथ सोडत नाही. मी ओरडले. मागच्या आळीला ऐकू जाईल इतकी ओरडले.

ती गप्प. कैऱ्या उचलून पायरीवर जाऊन बसली. एक वरवंट्याने फोडली. इतक्या लहान कैरीला बाठा धरलेला नसतो, आत नुसती पांढरी मऊ बी असते. ती तिने अंगठ्याने उडवली, फोडीला तिखट-मीठ लावलं आणि भावाच्या तोंडात दिली. आधी त्याचा उजवा डोळा मिटला, मग डावा. खांदे कानाला लागले. अंगावर शहारा आला आणि तळहात पुढे झाला, "अजून." पुन्हा तेच : डोळा, डोळा, खांदे, हात. मी साबणाची वडी हातात घेऊन तशीच उभी. शेवटची फोड माझ्या वाट्याला आली. माझाही डोळा मिटला, तर दोघं हसून हसून पायरीवर आडवी झाली.

हे सगळं पाच-सात मिनिटांत आटपलं. मग मी शर्टाला खोबरेल चोळलं (डाग गेला नाही), करपलेला भात खरवडला, धाकटा जेवला नाही, दुपारी झोपलाही नाही. रात्री नऊ वाजता मीही 'केव्हा झोपतील' याच रांगेत होते. दोन्ही एकाच मंगळवारी.

रोजचं असं आणखी एक सांगते. सध्या पहाटे आमच्या मागच्या उंबरावर तांबट पक्षी बसतो आणि टुक् टुक् टुक् करत तांब्याचं भांडं ठोकत राहतो. चिमणीएवढा हिरवा जीव, कपाळावर लाल टिळा. ठोकताना मान इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. थोरली दात घासता घासता ते ठोके मोजते. एकदा त्र्याऐंशीपर्यंत गेली होती, तेवढ्यात माझ्या कुकरने शिट्टी दिली आणि आकडा हरवला. शाळेची गाडी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. मुलगी हसली तरी काही हलत नाही, हे मी दोनदा वाचलं. थकवा वेगळा, हे वेगळं. दोन आठवड्यांच्या वर असंच चाललं असेल तर ते दुखणं असू शकतं, आणि त्यावर उपचार होतात. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस म्हणून सेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. धाकट्याच्या वेळी माझे तीन महिने असेच गेले होते. ओळखलं सासूबाईंनी, मला कळलंही नव्हतं. पुढच्या अंकापर्यंत थांबू नका, आधी फोन करा.

प्रश्न : आम्ही ठाण्यात अकराव्या मजल्यावर. अंगण नाही, झाड नाही. तुम्ही लिहिता तसला वसंत मुलांना दाखवायचा कुठून?
— दोन मुलांची आई, ठाणे

अकराव्या मजल्याचा मला हेवा वाटतो. आम्ही झाडं खालून बघतो, तुम्हाला ती वरून दिसतात. जवळपास पिंपळ असेल तर नवी पालवी बघा : तांबूस, पातळ, उन्हात आरपार दिसणारी. आठ-दहा दिवसांत ती हिरवी होते. मुलाला रोज एकदा खिडकीशी उभं करायचं आणि 'आज कुठला रंग?' एवढंच विचारायचं. रस्त्याकडेला सोनमोहर असेलच. त्याच्या पिवळ्या पाकळ्या पडून फुटपाथ हळदीचा होतो. पर्जन्यवृक्षाची गुलाबी कुंचल्यासारखी फुलं खाली पडलेली सापडतील. ती गालावर फिरवून बघा. माझा धाकटा त्याने आजीला पावडर लावतो.

माझी बहीण मुंबईत सातव्या मजल्यावर राहते. तिच्या खिडकीसमोर कावळ्याने घरटं केलं, त्यात सुतळी होती, तारा होत्या आणि तिच्याच दोरीवरचा कपड्यांचा चिमटाही होता. तिची मुलं महिनाभर टीव्ही विसरली. खिडकीला जाळी मात्र पक्की हवी. मुलं बघता बघता किती पुढे वाकतात ते आपल्याला कळत नाही.

प्रश्न : पळसाच्या फुलांचा रंग करायचा होता, पण अगदी फिकट झाला. मुलं हिरमुसली. काय चुकलं?
— एक वाचक, नागपूर

पाणी जास्त झालं. पहिल्या वर्षी माझंही हेच झालं होतं. घमेलंभर पाण्यात ओंजळभर फुलं टाकली, रंग चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा निघाला. आता मी पातेलं फुलांनी दाबून भरते, वर चार बोटं पाणी, रात्रभर भिजत ठेवते, सकाळी उकळते, निवलं की जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळते. देठाकडची काळपट मखमली वाटी आधी काढून टाकायची. हे काम मुलांना द्यावं, अर्धा तास निवांत जातो. फुलं आम्ही खाली पडलेलीच वेचतो. वरची बुलबुल, साळुंक्या आणि शिंजीर यांच्या नावची आहेत, असं थोरलीने ठरवलंय आणि ती कोणाला हात लावू देत नाही.

तुमच्याकडे रंग धुळवडीला, आमच्याकडे रंगपंचमीला, म्हणजे फुलं गोळा करायला आम्हाला चार दिवस जास्त मिळतात. शिवाय त्याच दिवशी शेजारच्या बावधनला बगाड असतं, म्हणजे नवसाचा उंच लाकडी गाडा बैल ओढत नेतात ती जत्रा. या वर्षी धाकटा पहिल्यांदाच बाबांच्या खांद्यावर बसून ते बघून आला. बैलांच्या जोड्या, गुलाल, ते उंच लाकूड, माणसांचा समुद्र. घरी आल्यावर मी विचारलं, काय पाहिलंस? म्हणाला, "बैलाने शी केली." दोन दिवस प्रत्येक पाहुण्याला बगाडाचं एवढंच वर्णन ऐकायला मिळालं.

शिमगा सरला, हे उत्तर पुढच्या वर्षी कामाला येईल. फुलं सावलीत वाळवून ठेवली असतील तर ती टाकू नका, वाळक्या फुलांचाही रंग निघतो.

प्रश्न : पाडव्याला कडुलिंब खायला मुलगा तोंडच उघडत नाही. जबरदस्ती करावी का?
— एक आई, सोलापूर

नका करू. आमच्या सासूबाई कोवळा पाला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ असं सगळं वाटून वाटाण्याएवढी गोळी करतात. गोळी गिळली की गाठीची एक पाकळी. या पाडव्याला धाकट्याने हिशेब लावला आणि चार गोळ्या खाल्ल्या. मग उरलेली गाठी गळ्यात घालून, हनुवटी खाली करून चाटत बसला. दुपारी त्याच्या बनियनच्या काठाला मुंग्यांची ओळ लागली होती.

प्रश्न : पाडव्याला आमच्या बाल्कनीत बर्फ होता. पाच वर्षांच्या मुलीला 'आज वसंत सुरू झाला' सांगितलं, तर ती खिडकीकडे बघून हसली. तिच्यासाठी हे सगळं करण्यात अर्थ आहे का?
— एक आई, टोरांटो

पोरगी हुशार आहे. या वर्षी पाडवा १९ मार्चला आला, आमच्याकडे त्या दुपारी पंखा पाचवर होता. तुमच्या खिडकीत बर्फ असताना तिने आईच्या शब्दावर का विश्वास ठेवावा?

पण चैत्रगौर काही एक दिवसाची नसते. चैत्र शुद्ध तृतीयेला ती बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. महिनाभर मुदत आहे आणि हळदीकुंकू त्यातल्या कुठल्याही दिवशी चालतं. एवढ्यात तुमच्याकडचा बर्फ गेलेला असेल, जमिनीतून क्रोकसची फुलं वर आली असतील, रॉबिन पक्षी गवतात गांडुळं उपसत असेल. त्या आठवड्यात गौर मांडा. भारतीय दुकानात कैरी मिळाली तर डाळ करा, पन्हं करा. आणि घरापुढच्या फरशीवर मुलीला रंगीत खडू देऊन चैत्रांगण काढू द्या : सूर्य, चंद्र, कासव, गोपद्मं, शंख. तिचा रॉबिन आणि क्रोकसही त्यात बसवा. आमच्या थोरलीने यंदा तांबट बसवला होता. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पोपट बरा जमलाय." घरात मोठं भांडण झालं.

प्रश्न : कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही. मग तिला आळशी म्हणायचं का? माझी आई म्हणते, तुम्हाला विचार.
— एक मुलगा, इयत्ता तिसरी, कराड

आईने माझ्यावर ढकललं म्हणजे तिलाही उत्तर येत नाही, हे लक्षात ठेव. पहिली गोष्ट, कुहू कुहू करून जो गळा काढतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती बहुतेक वेळ पानांत लपलेली असते. कावळीण घरट्यावरून कधी हलते यावर तिला डोळा ठेवावा लागतो. संधी मिळाली की झटकन आत जाऊन अंडं घालायचं आणि पसार व्हायचं. पकडली गेली तर कावळे पाठलाग करून टोचतात. तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर येतं आणि आधी खायला मागायला लागतं. आळशी माणसाला एवढे उद्योग झेपतील का, तूच सांग.

थोरलीला मात्र कोकिळेपेक्षा कावळिणीचं जास्त वाईट वाटलं. तिने 'कावळ्याच्या आईस' असं लिहून कार्ड केलं, त्यात एक पोळी चिकटवली आणि ते पत्र्यावर ठेवलं. पोळी गेली, कार्ड अजून तिथेच आहे. आणि त्याच आंब्यावर आता खरोखरच कावळ्याचं घरटं झालंय. कपडे काढायला गेलं की कावळीण सरळ डोक्यावर येते. म्हणून मी पातेलं पालथं डोक्यावर धरून जाते. धाकटा माझ्यापुढे चालतो आणि वर बघून ओरडून सांगतो, "ए, ही आमची आई आहे, हिला टोचू नको."