जंगल भटकंतीची बॅग: लिटर नंतर, आधी पाठ मोजा

तुमच्या प्रश्नातलं बॅगेचं मॉडेल, किंमत, ८० लिटर हे सगळं मी नंतर वाचलं. आधी नजर अडकली ती शेवटच्या दोन ओळींवर. "दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उजव्या हाताला मुंग्या यायच्या, बॅग उतरवली की थोड्या वेळात जायच्या. म्हणून आता जाड खांदेपट्ट्यांची बॅग घ्यायची आहे." हेच मी सहा वर्षांपूर्वी माझ्या ट्रेकच्या जोडीदाराला म्हणालो होतो, जवळजवळ याच शब्दांत. त्यानंतर माझा उजवा हात साडेतीन महिने कामातून गेला. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, बॅगेच्या कुठल्या कंपनीशी माझा संबंध नाही आणि खाली एकाही दुकानाचं नाव घेणार नाही. माझ्या अंगावर जे गेलं तेवढंच लिहितोय. तुमचं अंग वेगळं असू शकतं.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात: यांना पाच दिवसांची, सगळा शिधा सोबत घेऊन करायची भटकंती करायची आहे. अमेरिकेतले शिकारी वापरतात तसली, मागे मोठी ताठ फ्रेम असलेली ८० लिटरची बॅग मागवावी का, असं विचारलंय.

त्या शिकारी बॅगांचं आधी उरकून घेतो. त्या बॅगा उत्तम असतात यात वाद नाही, पण त्या ज्या कामासाठी बनल्यात ते काम आपल्याला नाही. तिकडे शिकारी आठवडाभराचं सामान घेऊन डोंगरात शिरतो आणि एल्क (तिकडचं मोठं हरीण) मिळाला तर परतीचं गणितच बदलतं. नर एल्क ३०० किलोच्या आसपास भरतो. मांस सोडवून, कापडी पिशव्यांत बांधून ते खेपा करत गाडीपर्यंत आणायचं असतं आणि एकेका खेपेला ३५-४० किलो पाठीवर येतं. त्यासाठी ती फ्रेम खांद्यांच्याही वर जाते आणि बॅग फ्रेमपासून सुटी करून मधल्या जागेत मांस आवळता येतं. त्या जागेला ते लोड शेल्फ म्हणतात. एवढ्या ताठपणाची किंमत म्हणजे रिकामी बॅगच अडीच-तीन किलोची किंवा त्याहून जड. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं शिकारीचा विषयच संपवला. राधानगरी-दाजीपूरचं रान, जिथं एके काळी संस्थानची शिकार चालायची, तिथं आज आपण गवा लांबून बघायला जातो. मग न आणायच्या ४० किलोंसाठी दीड किलो जादा लोखंड-फायबर रोज का वाहायचं? तुम्ही ट्रायपॉड, मोठी लेन्स किंवा गटाचं पाणी वाहणार असाल तर त्या शेल्फचा उपयोग आहे. नसाल तर नाही.

तरी त्या लोकांकडून एक गोष्ट जरूर शिकण्यासारखी आहे. त्यांच्यातले जाणते बॅग घेताना लिटर शेवटी विचारतात. आधी फ्रेमची उंची आणि स्वतःच्या पाठीचं माप जुळवतात. मी नेमकं तेच केलं नव्हतं.

झालं असं. माझी उंची पाच फूट दहा इंच. भुदरगड, पाटगाव, रांगणा किल्ला आणि तिथून खाली कोकणात नारूर अशी डिसेंबरातली चार-पाच दिवसांची वाट ठरली होती. बॅग घ्यायला मुद्दाम दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाला, "सर उंच आहात, ही तुम्हालाच शोभेल," आणि ७५ लिटरची बॅग पाठीवर चढवली. रिकामी. रिकामी बॅग कुणालाही बसते हो! आरशात छान दिसली, १४ हजार मोजले आणि आलो. टॅगवर '७५ एल' छापलेलं होतं आणि खाली कोपऱ्यात पुन्हा एकदा नुसतं 'एल'. मी दोन्ही लिटरच समजलो. तो दुसरा 'एल' लार्जचा होता. तीच बॅग आखूड पाठीसाठी वेगळ्या मापात मिळते हे ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं.

पहिल्या दिवशी चढाला बॅग मागे ओढतेय असं वाटलं. खांद्याचे पट्टे आवळले. दुसऱ्या दिवशी कमरेचा पट्टा सारखा खाली घसरून मांडीच्या वरच्या भागावर घासायला लागला, म्हणून तो सैल सोडला आणि खांदे आणखी आवळले. पाटगावात मौनी महाराजांच्या मठापाशी थांबलो तेव्हा उजव्या हाताला मुंग्या होत्या. पट्ट्याखाली टॉवेलची घडी घातली. बरं वाटलं म्हणून तसाच पुढे निघालो. तिसऱ्या दिवशी चिक्केवाडीच्या अलीकडे पाणी प्यायला बसलो, बाटलीचं झाकण फिरवायला गेलो तर अंगठा आणि तर्जनी झाकणावरून नुसती घसरत होती. पकड आहे असं डोळ्यांना दिसतंय आणि बोटांना काही कळत नाही. झाकण जोडीदारानं उघडून दिलं. तिथून परत फिरायला हवं होतं. मी रांगणा केला, नारूरला उतरलो. म्हणजे दबलेल्या नसेवर आणखी दीड दिवस १९ किलो ठेवले. माझी सगळ्यात मोठी चूक ही. चुकीची बॅग घेण्यापेक्षाही मोठी.

घरी आल्यावर मुंग्या गेल्या नाहीत. माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मशीन शॉपमध्ये. दिवसभर हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण. त्याची फिरती मूठ, थिंबल, फिरवताना बोटांत जोर नव्हता आणि वरच्या फळीवरचं टूल काढायला हात उचलला की खांदा थरथरायचा. नस तपासायची चाचणी झाली. डॉक्टरांनी समजावलं ते असं: मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा खांद्यापाशी गळ्याच्या हाडाखालून जातो. जड बॅगेचा पट्टा तासन्‌तास त्यावर दाबून बसला की नसा दुखावतात. सैनिकांत हा प्रकार जुना आहे आणि कमरेवर भार घेणाऱ्या बॅगेनं त्याचा धोका कमी होतो. औषधापेक्षा वेळच कामी आला. व्यायाम, विश्रांती आणि साडेतीन महिने. त्यातला दीड महिना मला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं, ओव्हरटाइम बुडाला तो वेगळाच.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, जाड पट्टे घेऊन हे मिटणार नाही. खांद्यावर भार येतोय हाच आजार आहे. गादी जाड केली तरी भार तिथंच राहतो. नीट बसलेल्या बॅगेचा बहुतेक भार कमरेच्या हाडांवर उतरतो आणि खांदे बॅग फक्त अंगाशी धरून ठेवतात. आणि मुंग्या बॅग उतरवूनही जात नसतील किंवा पकड सैल वाटत असेल तर बॅगेचा विचार बाजूला ठेवा, आधी डॉक्टर गाठा.

माप मला शेवटी घरीच कळलं, बायकोच्या शिवणकामाच्या टेपनं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. टेपचं एक टोक तिथं. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे की अंगठे मागे येतील आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथं छेदते, तिथं टेपचं दुसरं टोक. टेप पाठीच्या वळणाला चिकटून हवी. स्वतःचं स्वतः मोजता येत नाही, कुणाला तरी सांगा. माझं आलं ४३ सेंटिमीटर. बॅग होती ५१ च्या पाठीसाठी. पाय लांब आणि पाठ आखूड, असा माझा बांधा, आणि उंचीवरून हे कुणालाच दिसत नाही. माझा मेहुणा माझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटका, त्याची पाठ भरली ५०. ती बॅग आज तोच वापरतो आणि त्याची एक तक्रार नाही. बॅग वाईट नव्हतीच. ती माझी नव्हती.

लांब फ्रेम आखूड पाठीवर आली की पट्टे खांद्यावर टेकेपर्यंत कमरेचा पट्टा हाडाच्या खाली जातो, मग तो काही उचलत नाही. उलट फ्रेम आखूड पडली तर तो पोटावर चढतो आणि श्वास कोंडतो. बसलेला पट्टा ओळखायची खूण: त्याची मधली रेघ कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर हवी, म्हणजे अर्धी गादी हाडाच्या वर, अर्धी खाली. आणि खांद्यांवरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारे ते छोटे पट्टे, लोड लिफ्टर, साधारण ४५ अंशांत वर गेले पाहिजेत. ते आडवे किंवा खाली उतरते दिसले तर फ्रेम तुम्हाला आखूड आहे.

दुकानात रिकामी बॅग घालून निर्णय घेऊ नका. दुकानदार वाळूच्या पिशव्या भरून देत असेल तर उत्तम, नाहीतर आपलं वजन आपण न्यावं. आपल्या कोल्हापुरात याला सोपा उपाय आहे: १० किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप. प्लास्टिकमध्ये पक्का गुंडाळायचा, भोवती चादरी कोंबायच्या म्हणजे तो पाठीला लागून मधोमध राहतो, वर पाण्याच्या तीन-चार बाटल्या. झाले १३-१४ किलो. भार पाठीला जितका जवळ तितका बरा, हे त्या रव्यावरून लगेच कळतं. तोच रवा बाहेरच्या बाजूला ठेवून बघा, बॅग तुम्हाला मागे खेचेल. सगळे पट्टे सोडून आधी कमर, मग खांदे, मग वरचे लिफ्टर, शेवटी छातीचा पट्टा असं आवळा आणि निदान अर्धा तास चाला, जिने चढा. मग खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा. सहज सरकलं पाहिजे. ऑनलाइन घेणार असाल तर टॅग न काढता घरातच हे करा, जोतिबाच्या पायऱ्यांवर नको, कारण डाग पडला की परत घेणार नाहीत.

याबाबतीत माझा अनुभव फार कडू आहे. परत आल्यावर मी दुकानात फोन केला. पैसे नकोत, फक्त त्याच बॅगेचं लहान माप द्या, फरक असेल तो भरतो म्हणालो. "वापरलेला माल परत होत नाही." मग कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. बिलाचा फोटो पाठवा. पाठवला. टॅगचा फोटो पाठवा. पाठवला. बॅग घातलेला व्हिडिओ पाठवा. बधिर हातानं तोही केला. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की उत्पादनात दोष आढळला नाही, तुमची विनंती बंद करण्यात आली आहे. दोष आहे असं मी म्हणतच नव्हतो! माप न विचारता माल विकला, एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते ऐकून घेणारा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता. चपलेचं दुकान गिऱ्हाइकाचा पाय बघितल्याशिवाय जोड काढत नाही आणि हे १४ हजारांची वस्तू पाठ न मोजता देतात. आजही आठवलं की राग येतो.

आता लिटर. माझं ठाम मत, आपल्या सह्याद्रीत पाच दिवसांना ५० ते ६० लिटर पुष्कळ झाले. तिकडच्या लोकांना बर्फातली जाड झोपायची पिशवी आणि थंडीचे कपडे न्यावे लागतात, म्हणून त्यांच्या बॅगा फुगतात. आपल्याकडे जड असतं ते पाणी, आणि ते जागा कमी खातं, वजन जास्त. कोरडा शिधा रोजचा सहा-सातशे ग्रॅम धरा, पाच दिवसांचे साडेतीन किलो. पाणी तीन-चार लिटर. एकूण भार आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. ८० लिटरची बॅग घेतली की ती भरली जातेच, हे मी स्वतःच्याच नव्हे, गटातल्या प्रत्येकाच्या बाबतीत बघितलंय. हिमालयात हिवाळ्यात जाणार असाल तर हे आकडे सोडून द्या. मी सध्या ५५ लिटरची, पाठीचं माप कमीजास्त करता येणारी बॅग वापरतो. नवीन माणसानं तशीच घ्यावी असं मला वाटतं, भले शंभर-दोनशे ग्रॅम जादा असो.

पावसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पन्हाळा-पावनखिंड जुलैत करणार असं लिहिलंय म्हणून सांगतो. रेनकव्हरवर विसंबू नका. म्हसाई पठारावरचा वारा ते उडवतो, करवंदीच्या जाळ्या फाडतात, आणि नीट राहिलं तरी पाठीच्या बाजूनं पाणी आत उतरतंच, तिकडे कव्हर नसतं. बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. पिशवी नवी घ्या, खताच्या गोणीतली नको. कमरेच्या पट्ट्याचं एक जादा बकल खिशात असू द्या, ते तुटलं की सगळा भार पुन्हा खांद्यांवर.

आणि त्या शिकारी बॅगांचा झाडापानांचा रंग घेऊ नका. कोलोरॅडोत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यालाच अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायची सक्ती आहे, माणूस माणसाला दिसावा म्हणून. धुक्यात मागे राहिलेला गडी शोधायचा तर आपल्यालाही तेच हवं. अभयारण्याच्या हद्दीतून वाट जात असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, रात्रीचा मुक्काम आपल्या मनानं आत टाकू नका.

ती ८० लिटरची ऑर्डर अजून दिली नसेल तर आज रात्री घरातल्या कुणाकडून तरी पाठ मोजून घ्या आणि सेंटिमीटर इथं लिहा. सोबत जुन्या बॅगेचा पट्टा कमरेवर नेमका कुठं बसतो ते बाजूनं काढलेल्या फोटोत दाखवा. कदाचित नवी बॅग लागणारही नाही, जुन्या बॅगेची पाठ दोन बोटं खाली-वर करूनच भागेल.