नकार कानामुळे आला की कामामुळे?

कर्णबधिर पोरांचे आईबाप माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झालं की प्रश्न एकच असतो, नोकरीच्या फॉर्मवर ऐकू येत नाही हे लिहायचं की लपवायचं. पोरं स्वतः विचारतात तो प्रश्न जरा वेगळा आणि जास्त बोचरा असतो, की मॅडम मला घेतलं नाही ते माझ्या कानामुळे, का मलाच काही येत नाही म्हणून? जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही आलेले असोत, हेच. म्हणून एका पोरीचं सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय, घडलं ते तसंच ठेवलंय.

चोपड्याकडचं गाव, घरी केळीचा बाग. पोरगी जन्मापासून कर्णबधिर, दोन्ही कानांना मशीन, दहावीपर्यंत कर्णबधिर शाळेत आणि मग साध्या कॉलेजात बी.कॉम., तेही पहिल्या बाकावर बसून आणि मैत्रिणींच्या वह्या उतरवून, कारण सर फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले की ओठ दिसायचे बंद. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास केला, चांगले मार्क मिळाले. त्यानंतर नुसते नकार. माझ्याकडे आली तोवर तिने घरात मशीन घालणंच सोडलं होतं, कोणाचं काही ऐकायचंच नाही म्हणून. बोलत होते ते तिचे आप्पा. "मॅडम, तिले ऐकू येत नही हाई लिखानं का नही लिखानं? लिखं तं कोन्ही बलावत नही. मंग कसं करानं?"

मी आप्पांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा, चहा घ्या. त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण ती समोर बसलेली असताना तिच्याबद्दल सगळं बापानेच सांगायचं हे मला चालत नाही, आणि मुलाखतीतही असंच होत असणार असा अंदाज होता, तो पुढे खरा निघाला. मग लॅपटॉप मध्ये ठेवला, अक्षर मोठं केलं आणि आम्ही दोघी टाइप करून बोललो. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, "सगळे नाही बोलले. मी नको सगळ्यांना." तिचं मराठी असं तुटक आहे. बरेच जण अशी भाषा बघून माणसाची हुशारी ठरवून टाकतात, आणि नोकरीच्या अर्जावर तर पहिली फुली तिथेच पडते. पण ज्याने मराठी कानांनी कधी नीट ऐकलीच नाही आणि जो मैत्रिणींमध्ये साइनमध्ये, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत, बोलत मोठा झाला, त्याचं लिखाण तसंच येणार, साइनचं व्याकरणच वेगळं आहे. बॅलन्स शीट जुळवायला त्याने काही अडत नाही.

मी तिला म्हटलं, "सगळे" हा शब्द आज वापरायचा नाही, एकेक जागा लिही. कुठे, कोणी बोलावलं, काय विचारलं, काय म्हणून नाही सांगितलं. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि रडूही येतं, तिलाही आलं, पण समुपदेशनातलं अर्धं काम इथेच होतं. नकारांची मोळी बांधून डोक्यावर घेतली की ओझं फक्त जाणवतं, आत काय आहे ते दिसत नाही.

चोपड्यातल्या एका सीएच्या ऑफिसात तिला जीएसटी रिटर्न भरता येतं का असं विचारलं होतं, लिहून विचारलं होतं, आणि तिला येत नव्हतं. हा नकार कानाचा नाही. हे तिला मी स्पष्ट सांगितलं आणि खरं सांगते, तिचा चेहरा जरा मोकळा झाला, कारण जीएसटी शिकता येतं. दुसरीकडे फोन राउंड होता. आप्पांनी फोन उचलला, "मुलीला द्या" म्हणाले, "तिला फोनवर ऐकू येत नाही" म्हटल्यावर "बरं बरं, कळवतो" आणि विषय संपला. मेसेजवर दोन प्रश्न विचारले असते तरी भागलं असतं, पण कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

जळगावच्या एका व्यापाऱ्याकडची मुलाखत मी तिला करून दाखवायला सांगितली. खुर्च्या तशाच मांडल्या. मे महिना, साहेबांच्या मागे खिडकी, म्हणजे उजेड सगळा हिच्या डोळ्यावर आणि साहेबांचं तोंड काळोखात. बाजूला कूलर फुल. आता आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद ठेवा म्हणणं कठीण आहे, पण मशीनचं असं आहे की ते आवाज मोठा करतं, स्पष्ट करतंच असं नाही, आणि कूलरची घरघर पण तेवढीच मोठी करून कानात घालतं. साहेबांच्या तोंडात सुपारी. आप्पा शेजारी. साहेब विचारणार हिला, बघणार आप्पांकडे, उत्तर आप्पा देणार. एकच प्रश्न त्यांनी सरळ हिला विचारला, "बिल करता येतं का?" तिने उत्तर दिलं, "नाही, मिलमध्ये काम नाही केलं."

हे वाचून कोणाला हसू येईल, पण नीट बघा. प, ब, म ही तिन्ही अक्षरं ओठ मिटूनच निघतात, बघणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. बिल आणि मिल आरशासमोर उभं राहून बोलून बघा, काही फरक दिसत नाही. डाळ मिलसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात तिला मिल वाटणं साहजिकच होतं. साहेबांनी कागदावर लिहिलं असणार, बिलिंग येत नाही. ती टॅलीत बिलिंग झोपेत करते.

आणि एक सवय. ती प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावते. समजलं तरी आणि नाही समजलं तरी. लहानपणापासून "परत सांगा" म्हटलं की समोरचा वैतागतो, घरचेसुद्धा "जाऊ दे, काही नाही" म्हणतात, त्यातून ही मान हलायला लागते, आणि जवळजवळ प्रत्येक कर्णबधिर पोराकडे मला ती दिसते. मुलाखतीत हीच घात करते, कारण समोरच्याला वाटतं कळलं, आणि पुढचं उत्तर भलतंच आलं की वाटतं अक्कल कमी आहे. आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला तो यालाच. "मला कळलं नाही, लिहून द्या." एवढंच वाक्य, पण समोरच्याच्या डोळ्यात बघून, न हसता, माफी न मागता. सुरुवातीला तिला ते उद्धटपणाचं वाटायचं. मग आप्पांना आत बोलावलं आणि त्यांनी प्रश्न विचारायचे, तिने हे वाक्य म्हणायचं. बाप लेकीला पहिल्यांदा कागदावर लिहून देत होता. आप्पा मुलाखतीला आले तरी बाहेर बसतील हे त्या दिवशी ठरलं, तेच म्हणाले.

आता लिहायचं की लपवायचं याचं माझं उत्तर. लिहा, पण टक्के लिहू नका. सर्टिफिकेटवरचा आकडा हा अपंगत्वाचा असतो, तो योजना आणि आरक्षणासाठी लागतो, त्याचा कामाच्या कुवतीशी संबंध नाही, पण ऑफिसात बसलेला माणूस तो तसाच वाचतो. त्यापेक्षा काय लागतं ते लिहा. तिच्या अर्जात आता वर असं असतं, "मला ऐकू येत नाही. फोन करू नका, व्हॉट्सॲप किंवा ईमेल करा, लगेच उत्तर देते. मुलाखतीत प्रश्न लिहून दिले तर सगळं कळतं. समोर उजेडात बसून सावकाश बोललात तर बरंचसं कळतं." आणि लगेच खाली काय काय काम येतं ते. लपवून फायदा एवढाच की मुलाखतीपर्यंत पोचता, पण तिथे पोचून काहीच मागता येत नाही. मोबाईलवर लाइव्ह ट्रान्सक्राइब पण टाकून दिलं, समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरात दिसतं, अहिराणी आली की गोंधळतं, पण नसण्यापेक्षा बरं.

हे सगळं झालं तरी एक नकार उरला, आणि तो मात्र या कशात बसत नव्हता. एमआयडीसीतली मोठी कंपनी, नाव घेत नाही. अकाउंट्सची जागा. टेस्ट लिहून घेतली, ती पास झाली, आणि मग एचआरने व्हॉट्सॲपवर लिहिलं की आमच्याकडे फोर्कलिफ्ट फिरतात, हॉर्न ऐकू येणार नाही, सेफ्टीमुळे घेता येत नाही. टेबल पहिल्या मजल्यावर, काम कॉम्प्युटरवर. टेलिफोन ऑपरेटरची जागा असती आणि नाही म्हणाले असते तर मी समजू शकले असते. इथे नाही. तिला मी म्हटलं, हा भेदभाव आहे असं मला वाटतं, आणि तुझ्याकडे तो लेखी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. त्यात वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग माणसाला काम करता यावं म्हणून लागणारा झेपेल असा बदल, नाकारणं हासुद्धा भेदभावच धरलाय. सूट एकच, की योग्य उद्देशासाठी तो नकार खरंच तेवढा गरजेचा असेल तर, आणि ते नाकारणाऱ्याने दाखवायचं असतं. आरक्षण खासगी कंपनीला बंधनकारक नाही, 4 टक्के आहे ते सरकारी जागांमध्ये, त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. पण समान संधी धोरण खासगीलाही करावं लागतं, आणि 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्यात दिव्यांगांच्या भरतीसाठी संपर्क अधिकारीसुद्धा नेमावा लागतो. आणि 2017 च्या केंद्राच्या नियमांत एक गोष्ट आहे जी मी सगळ्या पोरांना पाठ करायला लावते, की अशा कंपनीच्या प्रमुखाकडे भेदभावाची लेखी तक्रार गेली तर त्याला एकतर कारवाई करावी लागते, नाहीतर हे का योग्य होतं ते लेखी कळवावं लागतं. नुसतं गप्प बसता येत नाही. सोयीचा खर्चही त्या माणसाकडून घेता येत नाही, म्हणजे चालायच्या पट्ट्या आखणं, फोर्कलिफ्टला लुकलुकता दिवा लावणं हे कंपनीने बघायचं.

आप्पा घाबरले. जिल्हा लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, पोरीचं लग्न व्हायचंय, तक्रारखोर म्हणून नाव झालं तर? ही भीती खोटी नाही आणि मी ती उडवून लावली नाही. तक्रार प्रत्येकाने केलीच पाहिजे असं माझं मत नाही, ज्याला झेपेल त्याने करावी, आणि ज्याने नाही केली तो कमी शूर ठरत नाही. पण ठरवायचं तिने, आप्पांनी नाही आणि मीही नाही. तिने वेळ घेतला. त्या काळात तिने जीएसटीचा क्लास लावला. मग एक दिवस मेसेज आला, "पत्र लिहू."

पत्र एक पानी होतं. कोणत्या जागेसाठी अर्ज, टेस्ट कधी दिली, काय उत्तर आलं त्याचा स्क्रीनशॉट, कोणती सोय केली तर काम होईल, आणि उत्तर लेखी द्या. सोबत युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, त्या कार्डची कॉपी. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही. कंपनीतून आधी आप्पांना फोन आला, कशाला वाढवता म्हणून. आप्पांनी सांगितलं, "पत्र तिनं लिहिलंय, तिलाच लिहा, तिला फोनवर ऐकू येत नाही." मला हे नंतर कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पुढे लेखी उत्तर आलं ते एका ओळीचं, जागा भरली गेली आहे. सेफ्टीचा उल्लेखच नाही.

मग तिने पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवली. तिथे वकील लावलाच पाहिजे असं नाही. नियमात तक्रार निकाली काढायला 60 दिवस आहेत, तरी तारखा लांबू शकतात हे धरून चाला, आणि आयुक्त शिफारस करतात, नोकरी हातात ठेवत नाहीत, हेही आधीच माहीत असू द्या. ज्या सीएने पहिल्यांदा नाही म्हटलं होतं त्यांच्याकडेच ती जीएसटी शिकून परत गेली आणि आता तिथे कामाला आहे, सर शेजारच्या टेबलावरून व्हॉट्सॲप करतात. तक्रार मागे घेतलेली नाही. सुनावणीला साइनचा दुभाषी लागेल असं तिने अर्जातच लिहून दिलंय. 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सुप्रीम कोर्टात ऑनलाइन, दुभाष्यामार्फतच बाजू मांडली होती, ती बातमी तिने मला पाठवली आणि खाली लिहिलं, "मी पण मागितला."