मेंडिपच्या टेकड्या आणि गुप्त होणारं पाणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असते, मे-जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. ती म्हणते जवळच मेंडिप हिल्स आहेत, चुनखडीच्या टेकड्या, तिथे आपण चालायला जाऊ. नेटवर बघितलं तर सगळ्यात उंच जागा फक्त 325 मीटर! आम्ही ब्रह्मगिरी, अंजनेरी चढलेली माणसं, पण आता वय 63 आणि 67 आणि माझे गुडघे दुखतात. एवढ्याशा टेकड्यांत बघण्यासारखं काय असणार? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, जरूर जा. मी ब्रिस्टलला दोन वर्षं होते आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टीचा दिवस तिथे घालवलाय त्यामुळे अगदी मनापासून सांगते. उंचीचा विचार सोडा, तिथे पाण्याचा माग काढत चालायचं. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे गोदावरी ब्रह्मगिरीवर दिसते, गुप्त होते, गंगाद्वारला येते आणि मग खाली कुशावर्तात प्रकट होते हे लहानपणापासून ऐकलेलं असणार. मेंडिपमध्ये हे अक्षरशः घडतं आणि तेही एका नाही, कितीतरी ओढ्यांचं.

गुडघ्यांसाठी पहिली वाट सुचवते. चेडर गॉर्ज ही तिथली प्रसिद्ध घळ, साधारण 137 मीटर खोल, तळातून गाडीरस्ता जातो. बहुतेक लोक खालच्या गावाकडून सुरुवात करतात, तिकडे जेकब्ज लॅडर नावाच्या 274 पायऱ्या आहेत, त्या तुम्ही करू नका. गाडीने घळीच्या वरच्या टोकाला ब्लॅक रॉकपाशी उतरा आणि तिथून व्हेल्वेट बॉटम नावाच्या दरीतून वर चार्टरहाउस गावाच्या दिशेने चालत राहा. चढ इतका हळूहळू आहे की जाणवत नाही, पायाखाली मऊ गवत, दोन्ही बाजूंना उतार, आणि थोडं चालल्यावर एकदम लक्षात येतं की अरे, दरी आहे पण नदीच नाही! मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा तास पाण्याचा आवाज कुठे येतो का ते ऐकत होते.

वर पोचलात की जमीन खाचखळग्यांची दिसेल, तिथले लोक तिला ग्रफी ग्राउंड म्हणतात. शिशाच्या खाणींनी झालेली जमीन आहे ती, रोमन लोकांनी इथून शिसं काढलं आणि ते काम पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होतं. काळे काचेसारखे तुकडे पडलेले दिसतात, ती भट्टीची मळी. मातीत अजून शिसं आहे तेव्हा डबा उघडायच्या आधी हात धुवा, आणि उन्हात ॲडर नावाचा विषारी साप पहुडलेला असू शकतो म्हणून गवतात बसताना नीट बघून बसा.

जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई अजिबात करू नका.

प्रश्न: मी बाथला शिकायला आलोय, मूळचा साताऱ्याचा. आपल्याकडे पावसाळ्यात कुठल्याही डोंगरावर जा, धबधबेच धबधबे. इथे वर्षभर रिपरिप चालू असते तरी मेंडिपच्या पठारावर ओढा शोधावा लागतो, असं का? – एक विद्यार्थी

उत्तर: कारण दगड वेगळा. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, बेसाल्ट, त्यातून पाणी सहज खाली जात नाही म्हणून ते कड्यावरून कोसळतं. मेंडिपचा चुनखडक म्हणजे तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ, शिंपले, पोवळी, समुद्रलिली सगळं त्यात आहे, एखाद्या फाटकाजवळच्या दगडात नीट बघ, गोल गोल चकत्या दिसतील. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हा दगड भेगाभेगांतून विरघळवत खाली जातं. हजारो वर्षांत त्याच भेगांच्या गुहा होतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ब्लॅक डाउन नावाच्या टेकडीवर जा. बीकन बॅच ही सगळ्यात उंच जागा तिथेच आहे, पण तो भाग चुनखडीचा नाही, वाळूच्या दगडाचा आहे. तिथे बूट बुडतात इतकं ओलं असतं आणि छोटे ओढे वाहतात. ते ओढे उताराने खाली चुनखडीपर्यंत आले की एखाद्या खड्ड्यात शिरून नाहीसे होतात! अशा जागेला तिथे स्वॉलेट म्हणतात. प्रिडी गावाजवळ स्विल्डन्स होल आहे, तिथे आत शिरलेलं पाणी वूकी होलच्या गुहेतून ॲक्स नदी होऊन बाहेर येतं. चेडरला पायथ्याशी असेच झरे फुटतात आणि ते पाणी जवळच्या जलाशयात जातं. ब्रिस्टलच्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग मेंडिपमधूनच येतो.

मग एवढी मोठी घळ कोणी कापली हा तुझा पुढचा प्रश्न असणारच. हिमयुगात जमीन आतपर्यंत गोठलेली होती, भेगा बर्फाने बंद, म्हणून उन्हाळ्यात वितळलेलं पाणी वरूनच वाहिलं आणि दगड कापत गेलं. ऊब आली, भेगा मोकळ्या झाल्या, पाणी पुन्हा खाली गेलं आणि घळ कोरडी राहिली. तिथल्याच गॉफ्स केव्हमध्ये 1903 साली साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला, चेडर मॅन म्हणतात त्याला. स्विल्डन्स होलमध्ये मात्र स्वतःहून शिरू नकोस, पाऊस वाढला की आतलं पाणी पटकन चढतं, जायचंच तर केव्हिंग क्लबबरोबर, म्हणजे गुहांत उतरणाऱ्या जाणकारांच्या गटाबरोबर जा.

प्रश्न: नकाशात वाट सरळ कोणाच्या तरी शेतातून जाते. आपण असं घुसलो तर मालक ओरडणार नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. पब्लिक फूटपाथ, म्हणजे सगळ्यांसाठी खुली पायवाट असेल तर तिथून चालण्याचा हक्क कायद्याने आहे, पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा बाण घोडा आणि सायकलवाल्यांनाही. वाट सोडायची नाही आणि फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. शेतांच्या कडेला आपल्या कोकणातल्या गडग्यासारखे रचीव दगडांचे बांध दिसतील, त्यांच्यावरून चढू नका, एक दगड निसटला की पुढचे दहा जातात, आणि ओलांडायला स्टाइल म्हणून लाकडी-दगडी पायऱ्या केलेल्या असतातच. गाई वासरांसकट असतील तर लांबून वळसा घाला. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर 141 नंबरचा नकाशा घ्या, पश्चिमेचा भाग पूर्ण त्यात आहे, घळीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

आणि एक, हे सह्याद्रीत चालणाऱ्या सगळ्यांसाठी. आपल्या कातळावर बूट कसा घट्ट बसतो, त्याच भरवशावर चुनखडीवर पाय टाकू नका. हजारो पायांनी गुळगुळीत झालेली ओली चुनखडी म्हणजे साबण लावलेली फरशी. माझ्या मैत्रिणीचं मनगट तिथेच मोडलं, तेही चढताना नव्हे, उतरताना, शेवटच्या पन्नास पावलांत. काठी घ्या, आणि पाऊस पडून गेला असेल तर उतरायला गवताची वाट निवडा.