कॅबिनेट तर झालं, पण आतली गरम हवा जाणार कुठून?

प्रश्न : नमस्कार सर, मी घरीच फुल साइझ आर्केड कॅबिनेट (गेम पार्लरमध्ये असतं तसं उभं व्हिडिओ गेम मशीन) बनवलंय, 18 मिलीमीटर एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं. आत जुना पीसी, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, 27 इंची एलसीडी मॉनिटर आणि वर मार्कीमागे (गेमच्या नावाच्या पाटीमागे) ट्यूबलाइट. रंग झाला, साइड आर्ट (बाजूंची चित्रं) चिकटवलं, कडांची प्लॅस्टिक पट्टी म्हणजे टी-मोल्डिंगसुद्धा ठोकून झालं आणि मग लक्षात आलं की हवेसाठी एकही भोक ठेवलेलं नाहीये! तासभर खेळलं की गेम अडखळतो, कंट्रोल पॅनल कोमट लागतं, मागचं दार उघडलं की तोंडावर झळ येते. आता एवढ्या फिनिशिंगवर ड्रिल चालवायची हिंमत होत नाहीये. किती फॅन लावू, कुठे लावू, आणि काहीच न कापता जमणार नाही का?

उत्तर : काहीच न कापता थोडंफार जमेल, पूर्ण नाही. पण ड्रिल हातात घ्यायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे आणि निम्मे निर्णय त्यातच होतात. दार लावून एखादा जड गेम तासभर चालवा, सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डचं टेंपरेचर लिहून ठेवा, मशीन पूर्ण थंड होऊ द्या, मग मागचं दार काढून ठेवून तोच गेम तेवढाच वेळ चालवा आणि परत टेंपरेचर लिहा. या दोन आकड्यांत जो फरक येईल ना, साधारण तेवढाच फायदा तुम्हाला भोकं पाडून मिळणार आहे, कारण अख्खं दार उघडं असण्यापेक्षा जास्त मोकळी हवा कुठला व्हेंट देणार? फरक 15-20 डिग्रीचा आला तर बिनधास्त कापा. पण दार उघडं असूनही गेम अडखळतच असेल तर दोष लाकडाचा नाही, पीसीचा आहे. हीटसिंकमध्ये (चिपवरच्या, गरमी शोषणाऱ्या धातूच्या पात्यांत) धूळ दाटलीय का, त्याखालची थर्मल पेस्ट सुकून गेलीय का ते बघा, ते नीट केल्याशिवाय कॅबिनेटला चाळणी करून काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे गरमी बाहेर काढण्याआधी ती तयारच कमी होईल असं बघा. मार्कीमागची ट्यूब काढून एलईडी पट्टी लावा, मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणा (अंधाऱ्या खोलीत खेळताना नाहीतरी फुल्ल लागत नाही) आणि गेम निवडायचा जो मेनू असतो त्यात फ्रेम रेट 60 वर लॉक करा. हे शेवटचं बरेच जण विसरतात. कोणी खेळत नसतं, स्क्रीनवर नुसता मेनू फिरत असतो आणि तेवढ्यासाठी ग्राफिक्स कार्ड जीव तोडून धावत असतं.

आता किती हवा लागेल त्याचा हिशोब. आत जेवढे वॅट जळतात ते जवळपास सगळे शेवटी उष्णताच होतात. तुमचा पीसी आणि मॉनिटर मिळून 200 वॅट धरू. आतली हवा खोलीपेक्षा 10 डिग्रीच जास्त गरम राहावी असं वाटत असेल तर वॅटला 10 ने भागा आणि 3 ने गुणा, उत्तर येतं तासाला 60 घनमीटर, म्हणजे सुमारे 35 सीएफएम (मिनिटाला घनफूट). साध्या 120 मिलीमीटर फॅनच्या खोक्यावर 50 च्या आसपास सीएफएम लिहिलेलं असतं, पण तो आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा, जाळी, फिल्टर आणि वळणावळणाचा रस्ता आला की त्यातला बराचसा गळून जातो. म्हणून एक फॅन फुल्ल स्पीडला पळवण्यापेक्षा दोन फॅन हळू चालवा, काम होतं आणि आवाजही येत नाही. तीन-चार फॅन लावायचा मोह होतो, पण खरंच गरज नाहीये.

फॅन किती यापेक्षा ते कुठे बसतात आणि हवा आत कुठून येते हे जास्त महत्त्वाचं. गरम हवा वर चढते, तेव्हा बाहेर काढणारे फॅन मागच्या पॅनलवर जितके वर बसतील तितके बसवा आणि हवा आत येणारी भोकं अगदी खाली ठेवा. दोन्ही जवळजवळ ठेवली तर हवा शॉर्टकट मारते, खालून आली आणि लगेच बाहेर, पीसीला तिचा पत्ताच नाही. पीसी डाव्या बाजूला असेल तर आत येणारी भोकं डावीकडेच खाली ठेवा आणि फॅन उजवीकडे वर, म्हणजे हवा सगळ्यावरून तिरकी फिरून जाईल. आणि मॉनिटरच्या वर, मार्कीच्या मागे एखादी आडवी फळी मारलीय का तेही बघा! बऱ्याच कॅबिनेटमध्ये असते आणि गरम हवा तिच्याखालीच अडकून बसते, मग वर कितीही भारी फॅन असला तरी तो फळीच्या वरची गार हवाच ढकलत राहतो. त्या फळीला मागच्या बाजूने सरळ लांबट खाच द्या, बाहेरून कुणाला दिसणारही नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आत येणाऱ्या हवेकडे. 120 च्या फॅनसाठी 114 मिलीमीटरचं भोक पडतं, त्याचं क्षेत्रफळ साधारण 100 चौरस सेंटीमीटर, तर एका फॅनमागे निदान तेवढी मोकळी जागा खाली हवीच. कपाटाच्या ऑटो हिंजसाठी सुतारांकडे 35 मिलीमीटरचा बिट असतो, त्याने एका फॅनला साधारण 11 भोकं पाडावी लागतील. 20 मिलीमीटरचा बिट घेतलात तर 32. मागून बारीक जाळी लावणार असाल तर आणखी वाढवा, जाळीची तार बरीच जागा खाते. कॉइन डोअरच्या (नाणं टाकायच्या दाराच्या) फटी, बटणांच्या आजूबाजूच्या फटी यातूनही हवा आत येते, पण ती मोजू नका, कारण तिथून येताना ती धूळ घेऊनच येते. म्हणूनच काही जण उलटं करतात, फॅन खाली लावून फिल्टरमधून हवा आत ढकलतात आणि वर नुसत्या खाचा ठेवतात. आत दाब थोडा जास्त राहिला की फटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत ओढली जात नाही. घरात धूळ जास्त असेल तर मला हीच पद्धत जास्त पटते, मात्र फिल्टर अधूनमधून धुवायला हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आता कापायचं. साइड आर्टला हातही लावू नका, सगळं काम मागच्या पॅनलवर होतं आणि ते पॅनल निघत असेल तर काढून टेबलावर आडवं ठेवूनच कापा. निघत नसेल तर पीसी आणि मॉनिटर आधी बाहेर काढा, नुसतं प्लॅस्टिक पांघरून भागत नाही, एमडीएफचा भुगा पिठासारखा असतो, कुठेही घुसतो, आणि नाकातोंडात जाणं तर आणखी वाईट, म्हणून चांगला मास्क लावा. जिथे भोक पाडायचं तिथे दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप मारा, त्यावरच मोजमाप काढा (120 च्या फॅनचे स्क्रू 105 मिलीमीटरच्या चौकोनात बसतात, 80 च्या फॅनचे 71.5 च्या), आधी मधलं बारीक भोक आरपार पाडा, मग होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) एका बाजूने निम्मं कापा, पॅनल पालटा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने. असं केलं की रंगाचे टवके उडत नाहीत. स्पीड कमी ठेवा आणि ड्रिल दोन्ही हातांनी धरा, एवढा मोठा होल सॉ मध्येच अडकला तर मनगट पिरगाळतो. होल सॉ नसेल तर जिगसॉनेही चालतं, कडा थोडी वेडीवाकडी आली तरी वरून ग्रिल बसणारच आहे. कापलेल्या कडेला मात्र प्रायमर किंवा वॉर्निशचे दोन हात द्या, उघडा एमडीएफ ओल पितो आणि फुगतो.

फॅन रबरी पिनांवर बसवा, थेट स्क्रूने आवळलात तर अख्खं पॅनल घुमायला लागतं. हवा कुठल्या बाजूला फेकतो हे साधं ओळखायचं, ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या आहेत त्या बाजूला हवा बाहेर पडते. वीज पीसीच्या एसएमपीएसमधूनच (पॉवर सप्लायमधूनच) घ्या, पिवळी वायर 12 व्होल्ट, काळी ग्राउंड, म्हणजे पीसी बंद केला की फॅनही बंद. आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, मागे हात जाईल एवढी जागा सोडा, नाहीतर एवढं सगळं करून गरम हवा भिंतीवर आपटून खालच्या भोकांतून परत आत!

प्रश्न : माझ्याकडे जुनं मूळ मशीन आहे, 25 इंची पिक्चर ट्यूबवालं. मागे वरती दोन फॅन लावले, आतून आता छान गार राहतं, पण तेव्हापासून स्क्रीनच्या वरच्या एका कोपऱ्यात रंग हिरवट दिसतोय. फॅनमुळेच असेल का?

उत्तर : बहुतेक हो. फॅनच्या मोटरमध्ये लोहचुंबक असतो आणि पिक्चर ट्यूबला चुंबक अजिबात खपत नाही, इलेक्ट्रॉनचे झोत हलतात आणि चुकीच्या रंगाच्या ठिपक्यांवर पडतात. फॅन ट्यूबपासून जमेल तितके लांब सरकवा, वर अगदी कडेला किंवा खाली आत हवा घेणाऱ्या बाजूला. नंतर ट्यूब डिगॉस करावी लागेल, म्हणजे तिच्यात उतरलेलं चुंबकत्व घालवावं लागेल. मशीन चालू करताना डिगॉस आपोआप होतं, पण ते मशीन थंड असेल तरच नीट होतं, पटापट बंद-चालू करून काही होत नाही, मधे अर्धा तास तरी जाऊ द्या. तेवढ्याने डाग गेला नाही तर हातात धरायची डिगॉसिंग कॉइल लागेल. भिंतीच्या विजेवर चालणारा एसी फॅन लावला असेल तर तो आधी बदला, त्याने रंग तर बिघडतोच, शिवाय चित्र थरथरतं.

आणि तुम्ही आत हात घालताय म्हणून हे स्पष्टच सांगतो. त्या ट्यूबच्या ॲनोडवर 20 हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि मशीन बंद करून प्लग काढला तरी तो चार्ज आत राहू शकतो. ट्यूबची मागची मान नाजूक काचेची असते, ड्रिल घसरून तिला लागलं तर संपलं. चॅसिस (मॉनिटरचा सर्किट बोर्ड) आत असताना ड्रिलिंग करायचंच नाही, धातूचा एक कीस सर्किटवर पडला तरी पुरतो. ट्यूब डिस्चार्ज करायची माहिती नसेल तर मॉनिटर काढायचं काम टीव्ही रिपेअरवाल्याला द्या, यात कमीपणा काही नाही.

एक बघा, जुन्या मशीनना मागे वरती आणि खाली कंपनीच्याच खाचा असतात. मधल्या काळात कोणीतरी त्यावर पुठ्ठा ठोकलेला असतो किंवा जाळी धुळीने बुजलेली असते. त्या मोकळ्या केल्या तर कदाचित फॅनची गरजही उरणार नाही. पण गरमीकडे दुर्लक्ष मात्र नको, चॅसिसवरच्या कपॅसिटरचं आयुष्य दर 10 डिग्रीला साधारण निम्मं होतं असं धरतात, आणि आता तसे चॅसिस नवीन कोण बनवतंय?

प्रश्न : दादा, मी टेबलावर ठेवायचं छोटं बारटॉप बनवलंय, आत रास्पबेरी पाय 4 (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) आणि 19 इंची मॉनिटर. त्याला पण फॅन लागेल का? मला आवाज अजिबात नकोय. आणि कधीकधी कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह येतं आणि गेम स्लो होतो, ते गरमीमुळेच ना?

उत्तर : नाही, ते गरमीचं नाही! विजेचं चिन्ह म्हणजे पायला व्होल्टेज कमी पडतंय, अडॅप्टर नाहीतर वायर बदला, कितीही भोकं पाडलीत तरी ते जाणार नाही. गरमीचं चिन्ह थर्मामीटरचं असतं. पाय 4 साधारण 80 डिग्रीला पोचला की स्वतःचा स्पीड कमी करायला लागतो, त्याच्या खाली राहत असेल तर काळजी करू नका.

पाय स्वतः फार गरमी करत नाही, तुमच्या कॅबिनेटमध्ये जास्त गरमी बहुतेक मॉनिटरची असेल. पायला ॲल्युमिनियमची पूर्ण हीटसिंकवाली केस घाला, ती आवाज न करता काम करते, आणि बारटॉपच्या तळाला आणि मागे वर लांबट खाचा द्या. तळाला रबरी पाय लावून ते दोनेक सेंटीमीटर उचलून ठेवा, नाहीतर टेबलच खालच्या खाचा बंद करून टाकेल. आतल्या आत चिमणीसारखी हवा वर सरकत राहते, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तरी नाहीच भागलं तर 5 व्होल्टचा छोटा फॅन लावा, तो 5 व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनवर जोडा, सिग्नलच्या जीपीआयओ पिनवर मोटर थेट जोडलीत तर पिन जळेल. आणि मोठा 12 व्होल्टचा फॅन 5 व्होल्टवर चालवून आवाज कमी करायची आयडिया चांगली आहे, पण काही फॅन तेवढ्यावर सुरूच होत नाहीत, बसवण्याआधी हातात धरून बघा.

प्रश्न : फॅन सारखे चालू राहण्यापेक्षा गरम झाल्यावर आपोआप लागतील असं करता येईल का? आणि हवा खरंच नीट फिरतेय हे कळणार कसं?

उत्तर : येतं की. केएसडी 301 नावाचा छोटासा थर्मल स्विच मिळतो, नॉर्मली ओपन आणि 40 किंवा 45 डिग्रीचा घ्या, एसएमपीएसकडून फॅनला येणाऱ्या पिवळ्या 12 व्होल्टच्या वायरमध्ये मधोमध जोडला की झालं. घेताना नॉर्मली ओपन हे नीट बघून घ्या, उलटा घेतलात तर गार असताना फॅन चालेल आणि गरम झाल्यावर बंद पडेल. स्विच वर, फॅनच्या जवळच लावा, खाली पीसीपाशी लावलात तर वरची हवा तापून जाईल तरी त्याला कळणार नाही.

हवेसाठी टिश्यू पेपरची बारीक पट्टी घ्या आणि दार लावून खालच्या भोकांपाशी धरा, पट्टी आत ओढली गेली पाहिजे. वरच्या फॅनपाशी ती बाहेर उडेल. खाली काहीच हालचाल नाही पण बटणांपाशी पट्टी ओढली जातेय असं दिसलं तर खालची भोकं कमी पडतायत, फॅन वाढवू नका, भोकं वाढवा.