गव्हाच्या गावाला ‘खेडे’ म्हणावे का?

तुमचा प्रश्न असा : अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका लहानशा वस्तीवरचा लेख तुम्ही मराठीत आणताय. चहूकडे गहू आणि मधे रेल्वेच्या रुळांलगत वसलेले ‘टाउन’. तुम्ही ‘गव्हाळ खेडे’ लिहिलेत, पण ते तुम्हालाच खटकले.

खटकले ते योग्यच. ‘गव्हाळ’ आपण रंगाला म्हणतो. पिकासाठी ‘गव्हाचे’ एवढे पुरे, किंवा ‘गहूपट्ट्यातले’.

पण खरी चूक ‘खेडे’ या शब्दात आहे. खेडे म्हटले की घराला घर लागलेले आणि शिवार वस्तीबाहेर; माणूस सकाळी रानात जातो, दिवेलागणीला घरी येतो. कॅन्ससमध्ये मांडणी नेमकी उलटी. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वस्ती करणाऱ्याला सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा मिळे, पण त्यावर राहून तो पाच वर्षे कसायची अट होती. म्हणजे शेतकऱ्याचे घर रानातच. मग वस्तीत कोण राहायचे? दुकानदार, लोहार, धान्याचे व्यापारी, स्टेशनमास्तर. अशी कितीतरी गावे रेल्वे कंपन्यांनीच आधी कागदावर आखली आणि मग भूखंड विकले. रुळांना माल हवा होता, तो गव्हाने पुरवला. १८७४ साली दक्षिण रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी ‘टर्की’ जातीचा गहू आणला. हा शरदात पेरायचा, बर्फाखाली तग धरतो आणि उन्हाळ्यात कापणीला येतो. तिथल्या हवेला तो मानवला. आजही अशा गावाची खूण लांबूनच पटते : रुळांलगतचे धान्याचे उत्तुंग कोठार.

जिथे शेतकरी राहत नाही, पण माल घेऊन येतो, अशा जागेला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे : कसबा. मूळ अरबी. बाजार आणि अंमलदाराची कचेरी असलेले, आसपासच्या गावांचे मुख्य ठिकाण तो कसबा. नुसते शेतीचे गाव ते मौजे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आहे आणि मौजे सुकेणेही आहे. नाव एकच, दर्जाचा फरक त्या एका शब्दात! हा भेद आपल्या बोलण्यातून निसटतोय याचे मला फार वाईट वाटते.

कसब्यात कारागीर आणि अंमलदारही येतात, आणि तुमच्या वस्तीत कदाचित कचेरी नसेल. तरी ‘खेडे’पेक्षा तो कितीतरी जवळचा. ‘शहर’ फार मोठे होते, ‘नगर’ला नव्या वसाहतीचा वास येतो. निवेदनात ‘गहूपट्ट्यातला लहानसा कसबा’ लिहा. संवादात मात्र ‘गाव’च ठेवा. रानातल्या घरातून निघालेला शेतकरी बायकोला ‘कसब्यात जातो’ म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘जरा गावात जाऊन येतो.’