नांदेडहून लेकरांना घेऊन जायचंय, रोलर कोस्टरसाठी इमॅजिका बरं की हैदराबादचं वंडरला?

दोन्ही बघितलेत म्हणून सांगतो. निव्वळ रोलर कोस्टरच बघायचा तर खोपोलीचं इमॅजिका. तिथल्या 'नायट्रो'ला पायाखाली पत्राच नाही. गाडी सुटायच्या आधी खालची फळी सरकते आणि पाय मोकळे लोंबकळतात, तिथंच निम्मा जीव जातो. मग साधारण 132 फुटांवरून खाली, आणि पुढं 5 वेळा उलटंपालटं. पायातल्या चपला आधीच काढून ठेवा.

वंडरलाचा 'रिकॉइल' वेगळाच. आधी गाडीला मागं ओढत उंच नेतात. तोंड जमिनीकडं, आपण पट्ट्यावर लटकलेले. सोडली की 3 फेरे उलटे, दुसऱ्या टोकाला वर चढते, अन् तेच सगळं परत, पण मागं मागं! पुढं काय येणार ते दिसत नाही, म्हणून मला तरी हाच जास्त भारी पडला. माळेगावच्या जत्रेतल्या पाळण्यात डोळे मिटून बसणारी आमची मंडळी खालीच थांबली, ते बरंच झालं.

लेकरं लहान असतील तर मात्र हा सगळा वाद फुकटचा. मोठ्या राइडला उंची मोजूनच आत सोडतात, मग रडारड. दोन्हीकडं पाण्याचे खेळ आहेत, त्यात ती दिवसभर रमतील.

आणि नांदेडहून हैदराबाद खोपोलीच्या जवळपास निम्म्या अंतरावर. मी तर वंडरलाच म्हणेन. शनिवार-रविवार तेवढा टाळा.